मागणीची किंमत लवचिकता: उत्तर दर वेळी वेगळं का येतं आणि ते कसं दुरुस्त करायचं

तक्ता एकच, किमती त्याच, मागणीचे आकडेही तेच. तरी एकाचं उत्तर ०.६ येतं, दुसऱ्याचं १ आणि तिसऱ्याचं ०.७८. बारावीच्या आणि प्रथम वर्ष वाणिज्यच्या विद्यार्थ्यांची ही दरवर्षीची तक्रार आहे. दुकानाच्या वहीतले आकडे घेऊन भाव ठरवायला बसलेला माणूसही इथेच अडतो. सूत्र पाठ असतं, भागाकार बरोबर असतो. चूक असते ती कोणता आकडा कुठे बसवला यात, आणि पुष्कळदा ते आकडे सूत्रात बसवण्याजोगे होते का, हे न तपासण्यात.

किंमत बदलली की मागणी किती बदलते, याचं माप म्हणजे लवचिकता. सूत्र सगळ्यांना माहीत आहे: मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल. मागणीचा आकडा वर (अंशात), किमतीचा खाली (छेदात). पुढे जे आहे ते या एका ओळीत कुठे कुठे घसरायला होतं त्याबद्दल आहे. उदाहरणांतले विक्रीचे आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत.

सगळ्यात आधी: एकूण खर्चाची चाचणी

उत्तर काढण्याआधी दोन गुणाकार करून ठेवा. जुनी किंमत गुणिले जुनी मागणी, आणि नवी किंमत गुणिले नवी मागणी. हा ग्राहकांचा एकूण खर्च, म्हणजेच विक्रेत्याचा गल्ला. किंमत वाढल्यावर खर्च वाढला तर लवचिकता १ पेक्षा कमी, खर्च घटला तर १ पेक्षा जास्त, खर्च तेवढाच राहिला तर बरोबर १. किंमत कमी झाली असेल तर उलट वाचायचं: खर्च वाढला तर १ पेक्षा जास्त, घटला तर कमी.

पाठ्यपुस्तकात ही ‘एकूण खर्च पद्धत’ मार्शल यांच्या नावाने स्वतंत्र पद्धत म्हणून येते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लवचिकतेची कल्पना आजच्या रूपात मांडली, तिच्याशी ही पद्धत जोडलेली आहे. विद्यार्थी ती पाच गुणांच्या प्रश्नापुरती शिकतात आणि सोडून देतात. तिचा खरा उपयोग पडताळणीसाठी आहे. तिच्यात शेकडेवारी नाही, पाया (शेकडा काढताना ज्या आकड्याने भागायचं तो) कोणता घ्यायचा हा प्रश्न नाही, चिन्हाची भानगड नाही. दोन गुणाकारांत कळतं की उत्तर १ च्या कोणत्या बाजूला पडायला हवं. खालच्या बहुतेक चुका या चाचणीत पकडल्या जातात. ज्या सुटतात त्या जागच्या जागी सांगितल्या आहेत.

लक्षण: वर जाताना एक उत्तर, खाली येताना दुसरं

समजा, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका गाडीवर वडापाव १५ रुपयांना होता तेव्हा दिवसाला ३०० जात. २० रुपये केल्यावर २४० जाऊ लागले.

१५ वरून २० ला जाताना: मागणीत ६० ची घट, पाया ३००, म्हणजे २० टक्के. किमतीत ५ ची वाढ, पाया १५, म्हणजे ३३.३३ टक्के. उत्तर ०.६.

आता गाडीवाल्याने पुन्हा १५ केले आणि गिऱ्हाईक परतलं असं धरा. मागणीत ६० ची वाढ, पण पाया आता २४०, म्हणजे २५ टक्के. किमतीत ५ ची घट, पाया २०, म्हणजे २५ टक्के. उत्तर १.

मध्यबिंदू पद्धतीने, म्हणजे दोन्ही आकड्यांची सरासरी पाया धरून: ६० भागिले २७० म्हणजे २२.२२ टक्के, ५ भागिले १७.५ म्हणजे २८.५७ टक्के. उत्तर ०.७८.

तिन्ही भागाकार बरोबर आहेत. मग खरं उत्तर कोणतं, असा प्रश्न येतो आणि बहुतेक ठिकाणी ‘मध्यबिंदू पद्धत अधिक चांगली’ एवढं सांगून तो संपवला जातो. यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे, कारण लवचिकतेतला अर्धा गोंधळ इथेच सुटतो.

हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. किंमत ५ रुपयांनी वाढली की मागणी ६० ने घटते, म्हणजे रुपयामागे १२. कुठल्याही बिंदूवरची लवचिकता म्हणजे ही १२ गुणिले तिथली किंमत भागिले तिथली मागणी. १५ रुपयांच्या बिंदूवर १२ × १५ ÷ ३०० = ०.६. २० रुपयांच्या बिंदूवर १२ × २० ÷ २४० = १. आणि दोन्हींच्या बरोबर मधे, १७.५ रुपये आणि २७० वडापाव या बिंदूवर, १२ × १७.५ ÷ २७० = ०.७८.

म्हणजे ही तीन उत्तरं एका प्रश्नाची नाहीतच. ती एकाच रेषेवरच्या तीन वेगळ्या जागांची लवचिकता सांगतात. जुना आकडा पाया धरला की सुरुवातीच्या बिंदूची लवचिकता मिळते, नवा धरला की शेवटच्या बिंदूची आणि सरासरी धरली की मधल्या बिंदूची. लवचिकता वस्तूला चिकटलेला एक आकडा नाही. ‘वडापावची लवचिकता ०.६’ हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या किमतीपाशी, हे सांगितलं तरच त्याला अर्थ येतो.

लक्षण: उत्तर बरोबर १, पण गल्ला बदललाय

हे वरच्याच गोष्टीचं दुसरं रूप, आणि सगळ्यात जास्त फसवणारं.

किंमत १० वरून ८ झाली, मागणी १०० वरून १२०. शेकडेवारी पद्धतीने २० भागिले २०, उत्तर १. वहीत लिहिलं जातं: ‘एकक लवचिक मागणी, एकूण खर्च स्थिर राहील.’ आता गुणाकार करा. आधी १०००, नंतर ९६०. खर्च घटला.

इथे विद्यार्थी चाचणीवर संशय घेतात. चाचणी बरोबर आहे. किंमत कमी होऊन खर्च घटला, म्हणजे या टप्प्यात लवचिकता १ पेक्षा कमीच असली पाहिजे. मध्यबिंदू पद्धतीने करून बघा: २० भागिले ११० म्हणजे १८.१८ टक्के, २ भागिले ९ म्हणजे २२.२२ टक्के, उत्तर ०.८२. जुळलं.

हे योगायोगाने जुळत नाही. मध्यबिंदू पद्धतीचं उत्तर आणि एकूण खर्चाची दिशा कधीच एकमेकांच्या विरोधात जात नाहीत. मागणीतला फरक गुणिले किमतींची बेरीज, अधिक किमतीतला फरक गुणिले मागण्यांची बेरीज, असं (उणे चिन्हांसह) मांडून सोडवलं की उत्तर येतं: नव्या आणि जुन्या एकूण खर्चातल्या फरकाची दुप्पट. वरच्या आकड्यांवर पाहा. २० × १८ = ३६०, आणि −२ × २२० = −४४०. बेरीज −८०. खर्चातला फरक ९६० − १००० = −४०, त्याची दुप्पट −८०. म्हणून मध्यबिंदू पद्धतीने १ आलं तर खर्च काटेकोरपणे तेवढाच राहतो. जुना पाया धरणाऱ्या पद्धतीला ही हमी नाही. बदल जितका मोठा, तितकी फट रुंद.

तर मग कोणती पद्धत वापरायची? परीक्षेत प्रश्नात ‘शेकडेवारी’ किंवा ‘गुणोत्तर पद्धत’ म्हटलं असेल तर जुनाच पाया धरा. उत्तरपत्रिकेत मध्यबिंदू वापरून वेगळं उत्तर काढण्यात शहाणपणा नाही. ‘कंस लवचिकता’ म्हटलं असेल तर सरासरी. समीकरण दिलं असेल आणि एकच किंमत विचारली असेल तर बिंदू पद्धत. दुकानाच्या हिशेबाला आमच्या मते सरळ मध्यबिंदू धरावा, कारण भाव वाढवावा का कमी करावा हा प्रश्न शेवटी गल्ल्याचा असतो. बदल २–३ टक्क्यांचा असेल तर तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच येतात, तेव्हा वाद घालत बसू नका.

लक्षण: मध्यबिंदूचं उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं

मध्यबिंदूच्या सूत्रात वरही दोनाने भागायचं असतं आणि खालीही. घाईत एकाच जागी भागलं जातं. वडापावच्या आकड्यांत किमतीकडे सरासरी १७.५ घेतली पण मागणीकडे नुसती बेरीज ५४० घेतली तर ०.३९ येतं. उलटं झालं तर १.५६. दुप्पट उत्तर चाचणीत पकडलं जातं: किंमत वाढून गल्ला ४५०० वरून ४८०० झाला आहे, म्हणजे १.५६ शक्यच नाही. निम्मं उत्तर मात्र सुटतं, कारण तेही १ च्या खालीच आहे.

यावर सोपा उपाय म्हणजे दोनाने भागायचंच नाही. वरचे आणि खालचे दोन एकमेकांना छेदतात. मागणीतला फरक भागिले मागण्यांची बेरीज. किमतीतला फरक भागिले किमतींची बेरीज. पहिलं भागिले दुसरं. ६० ÷ ५४० = ०.१११, ५ ÷ ३५ = ०.१४३, उत्तर ०.७८.

जुना पाया धरतानाही शेकडेवारी आधी काढून मग भागू नका. फरक गुणिले जुनी किंमत वर, फरक गुणिले जुनी मागणी खाली, आणि एकच भागाकार: ६० × १५ = ९००, ५ × ३०० = १५००, उत्तर नेमकं ०.६. ३३.३३ चं ३३ करून ०.६१ लिहिण्याची वेळ येत नाही.

लक्षण: लवचिकता दिली आहे, नवी मागणी काढताना आकडा अविश्वसनीय येतो

उलट्या प्रश्नात पायाची चूक फार मोठी होऊन समोर येते. पुण्यातलंच उदाहरण घेऊ. १ जून २०२५ पासून पीएमपीचं, म्हणजे शहर बससेवेचं, किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं. समजा, या तिकिटावर रोज १,००,००० प्रवासी होते आणि लवचिकता ०.४ धरायची आहे. प्रवासी किती उरतील?

किंमत १०० टक्के वाढली, ०.४ ने गुणलं, ४० टक्के घट, उरले ६०,०००. हे उत्तर सर्रास दिलं जातं.

मध्यबिंदू पद्धतीने किमतीतला बदल १०० नाही, ५ भागिले ७.५ म्हणजे ६६.६७ टक्के आहे. ०.४ ने गुणून २६.६७ टक्के. ही घट जुन्या प्रवासीसंख्येची नाही, सरासरीची. म्हणून नवी संख्या = जुनी × (१ − ०.१३३३) ÷ (१ + ०.१३३३) = ७६,४७१. संपूर्ण मागणी वक्रावर, म्हणजे प्रत्येक किमतीपाशी, लवचिकता ०.४ च राहते असं धरलं तर किंमत दुप्पट झाल्यावर मागणी २ च्या −०.४ व्या घाताने गुणली जाते, म्हणजे सुमारे ०.७५८. उरतात ७५,८०० च्या आसपास.

६०,००० आणि ७६,००० यांत सोळा हजार प्रवाशांचा फरक आहे, आणि तो फक्त पाया निवडण्यातून आला. किंमत दुप्पट किंवा दीडपट होत असेल तेव्हा शेकडा वाढ थेट लवचिकतेने गुणू नका. २.५ ची लवचिकता घेऊन असं केलं तर २५० टक्के घट येते. प्रवासी शून्याच्या खाली जातात. असं उत्तर दिसलं की कारण हेच.

याच दरवाढीत आणखी एक गोष्ट सुटते. दैनंदिन पास ४० वरून ७० झाला, म्हणजे ७५ टक्के. मासिक पास ९०० वरून १५००, म्हणजे ६६.६७ टक्के. ‘तिकीट दुप्पट झालं’ हा आकडा सगळ्या प्रवाशांना लावून एकच लवचिकता काढली तर पासधारकांच्या बाबतीत भाजक चुकतो. ज्या ग्राहकांची मागणी मोजताय, किंमतही त्यांचीच घ्या.

लक्षण: उतारालाच लवचिकता समजलं जातं

समजा, एका अमृततुल्य चहाच्या दुकानाची तासाची मागणी अशी: मागणी = १२० − ४ × किंमत. ‘सरळ रेषा आहे, उतार सगळीकडे सारखा, म्हणून लवचिकताही सारखी’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सारखं दिसतं. करून पाहा. १० रुपयांना ८० कप: ४ × १० ÷ ८० = ०.५. १५ रुपयांना ६० कप: १. २० रुपयांना ४० कप: २. उतार तोच, लवचिकता चौपट. सरळ रेषेवर वरच्या टोकाकडे लवचिकता अनंताकडे जाते, खालच्या टोकाला शून्य होते, मधोमध १ असते.

सरळ रेषेसाठी झटपट पडताळणी आहे. ज्या किमतीला मागणी शून्य होते ती काढा, इथे ३०. मग लवचिकता = किंमत ÷ (३० − किंमत). २० ला २० ÷ १० = २. १० ला १० ÷ २० = ०.५. समीकरणातून आलेलं उत्तर याच्याशी जुळलं नाही तर आधीच्या पायरीत चूक आहे.

ती चूक बहुतेक वेळा अशी: समीकरण उलट्या रूपात दिलेलं असतं, किंमत = ३० − ०.२५ × मागणी. विद्यार्थी ०.२५ उचलतो आणि २० रुपयांना ०.२५ × २० ÷ ४० = ०.१२५ लिहितो. आपल्याला हवा आहे रुपयामागे मागणीतला बदल, म्हणजे १ ÷ ०.२५ = ४. आलेखातही हाच सापळा आहे. किंमत उभ्या अक्षावर असल्याने डोळ्यांना दिसणारा उतार म्हणजे किमतीतला फरक भागिले मागणीतला फरक, सूत्राला हवा त्याच्या नेमका उलट.

उताराची दुसरी अडचण एककांची. किलोऐवजी क्विंटल घेतले की उतार शंभराने बदलतो, लवचिकता तशीच राहते. म्हणून दोन वस्तूंचे उतार ताडून ‘ही जास्त लवचिक’ म्हणता येत नाही. आलेखावरची रेषा आडवी दिसते म्हणूनही नाही. अक्षाचं प्रमाण बदललं की तीच रेषा उभी दिसायला लागते. पुण्यात यात भर म्हणजे मार्केट यार्डातले भाव बातम्यांत दहा किलोंचे छापले जातात आणि मंडईत आपण पावशेर-किलोचे विचारतो. जुनी किंमत एका एककात आणि नवी दुसऱ्या एककात बसवली तर कोणतीही पद्धत वाचवणार नाही.

बिंदू पद्धतीत भाग उलटे होणं

आलेखावर बिंदू पद्धतीने लवचिकता = मागणी रेषेचा बिंदूच्या खालचा भाग ÷ वरचा भाग. उलटं झालं का हे पाहायला एक बिंदू वरच्या टोकाजवळ घ्या: तिथे उत्तर मोठं आलं पाहिजे. वक्र सरळ नसेल तर त्या बिंदूला स्पर्शिका काढून स्पर्शिकेचे भाग मोजायचे, वक्राची लांबी मोजायची नाही.

उणे चिन्ह

किंमत आणि मागणी उलट दिशांना जातात, म्हणून उत्तर ऋण येतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत चिन्ह सोडून नुसता आकडा घेतात. काही पुस्तकांत आणि संगणकाच्या उत्तरात ते ठेवलेलं असतं. गोंधळ तुलना करताना होतो: −२.५ हा −०.८ पेक्षा लहान आहे, म्हणून कमी लवचिक, असं लिहिलं जातं. तुलना चिन्ह काढूनच करा.

पण चिन्ह काढण्याआधी एकदा बघून घ्या. पीएमपीचं तिकीट वाढल्यामुळे मेट्रोचे प्रवासी किती वाढले, हे काढलं तर उत्तर धन येतं आणि ते बरोबर असतं, कारण ती छेदक लवचिकता आहे: मागणी एका वस्तूची, किंमत दुसरीची. एकाच वस्तूच्या किमतीचं आणि मागणीचं उत्तर धन आलं तर मात्र थांबा. त्याचं कारण खाली झेंडूच्या उदाहरणात आहे.

कराचा दर बदलला, किंमत किती टक्के बदलली?

२२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. भाजकात काय घालायचं? काही जण ७ घालतात, काही जण ७ ÷ १२ करून ५८. दोन्ही चूक. करासकट किंमत पाहा: करापूर्वी ५०० रुपये असेल तर आधी ५६०, नंतर ५२५. घट ३५, म्हणजे ६.२५ टक्के. विक्री ४० किलोंवरून ४३ किलो झाली, म्हणजे ७.५ टक्के वाढ, तर लवचिकता १.२. भाजकात ५८ घातले तर ०.१३ येईल आणि गरजेची वस्तू म्हणून ते पटेलही. चाचणी पटू देणार नाही: गल्ला २२,४०० वरून २२,५७५ झाला, किंमत कमी होऊन खर्च वाढला, म्हणजे उत्तर १ च्या वर हवं. ७ घातले तर १.०७ येतं आणि चाचणीतून सुटतं, म्हणून कराच्या प्रश्नात ग्राहकाने मोजलेले रुपये आधी मांडा. दुकानदाराने पूर्ण सवलत पुढे दिली नसेल तर प्रत्यक्ष बिलावरची किंमत घ्यायची.

लक्षण: किंमत वाढली आणि मागणीही वाढली

दसऱ्याच्या आठवडाभर आधी झेंडू ४० रुपये किलो, एका विक्रेत्याची विक्री ५० किलो. आदल्या दिवशी १०० रुपये किलो, विक्री ४०० किलो. मध्यबिंदूने आकडा येतो अधिक १.८१. हिशेबात काहीच चूक नाही आणि तरी हा आकडा निरर्थक आहे.

किंमत लवचिकता म्हणजे एकाच मागणी वक्रावर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतची हालचाल. दसऱ्याला वक्रच उजवीकडे सरकला. पहिला बिंदू साध्या दिवसाच्या वक्रावर आहे, दुसरा सणाच्या वक्रावर. त्यांना जोडणारी रेषा कुणाचाच मागणी वक्र नाही. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शब्द मागणीच्या नियमात शोभेसाठी लिहिलेले नाहीत, आकडे निवडताना ते पाळायचे असतात. आणि चिन्ह नेहमीच सावध करेल असंही नाही. वक्र थोडाच सरकला असेल तर उत्तर ऋणच येतं, दिसायला ठीक असतं, फक्त चुकीचं असतं.

बाजारातल्या आकड्यांवरून लवचिकता काढायची तर असे दोन दिवस शोधा की ज्यांत मागणीची बाजू सारखी आहे आणि भाव पुरवठ्यामुळे बदलला आहे. कोथिंबीर यासाठी चांगली. शेतात पाऊस होऊन आवक घटली, शहरात मात्र ऊन होतं; दोन्ही दिवस मंगळवार, आसपास सण नाही, लग्नाची दाट तिथी नाही. पुण्यातही पाऊस असेल तर तो दिवस सोडा, कारण गिऱ्हाईकच कमी बाहेर पडतं.

समजा, जुडी १५ वरून ३० रुपये झाली आणि विक्री २०० जुड्यांवरून १६० वर आली. मध्यबिंदू: ४० ÷ ३६० = ०.१११, १५ ÷ ४५ = ०.३३३, उत्तर ०.३३. फारच अलवचिक. आता जुड्या वजन करा. महाग झाली की जुडी बारीक होते, हे भाजी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधीची जुडी २५० ग्रॅमची आणि नंतरची १५० ग्रॅमची असेल तर भाव ६० रुपये किलोवरून २०० रुपये किलो झाला आणि विक्री ५० किलोंवरून २४ किलोंवर आली. २६ ÷ ७४ = ०.३५१, १४० ÷ २६० = ०.५३८, उत्तर ०.६५. जवळजवळ दुप्पट. एकूण खर्च दोन्ही हिशेबांत ३००० वरून ४८०० च आहे, म्हणून चाचणी इथे काहीच बोलत नाही. जुडी, वाटा, डझन, प्लेट अशा एककांत मोजलेल्या कुठल्याही वस्तूला हे लागू आहे: आधी ग्रॅम किंवा मिलिलिटरमध्ये आणा.

आणखी एक तपास. त्या १६० जुड्या संध्याकाळपर्यंत पुरल्या का? माल दुपारी बाराला संपला असेल तर १६० ही मागणी नाही, ती शिल्लक मालाची मर्यादा आहे. त्या भावाला खरी मागणी त्याहून जास्त होती, आणि १६० धरून काढलेली लवचिकता फुगलेली निघेल. ज्या दिवशी माल संपला तो दिवस वहीत खूण करून ठेवा आणि हिशेबातून वगळा.

दोन दिवसांऐवजी पंधरा-वीस जोड्या मिळाल्या तर एक्सेलमध्ये एका स्तंभात किमतीचा नैसर्गिक लॉग, शेजारी मागणीचा नैसर्गिक लॉग घ्या आणि त्यांच्यातून जाणाऱ्या सरळ रेषेचा उतार काढा. इथे मात्र उतार हीच लवचिकता असते, चिन्हासकट. मागणीचा स्तंभ ‘वाय’ म्हणून आणि किमतीचा ‘एक्स’ म्हणून द्यायचा. आलेखाच्या सवयीने उलटं दिलं तर उत्तर चुकीचं येतं आणि ते नुसतं उलटवूनही दुरुस्त होत नाही. विक्री शून्य असलेल्या दिवसाचा लॉग निघत नाही, तिथे चौकटीत चूक दाखवली जाते. ते दिवस शून्याच्या जागी ०.०१ भरून चालवून घेऊ नका. असा एक खोटा बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. आधी बघा की त्या दिवशी माल होता का, दुकान उघडं होतं का. नसेल तर तो दिवस काढून टाका. असेल, म्हणजे त्या भावाला खरोखरच कुणी घेतलं नसेल, तर ती खरी माहिती आहे. तेव्हा लॉग सोडून साध्या आकड्यांवर सरळ रेषा बसवा आणि हव्या त्या किमतीपाशी रेषेचा उतार गुणिले किंमत भागिले मागणी करा.